एक दिवसाआड वाटलेली गोळी

तुमच्या आईच्या पोटात गर्भपिशवी आहे का? अंडाशयं आहेत का? तुम्ही कधी विचारलंत?

मी विचारलं नव्हतं. माझा बाप ऊसतोड कामगारांची पत्रकं वाटायचा आणि त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षर गिरवलं. कारखान्याने टोळ्यांना काय काय द्यायला हवं, हे मला तोंडपाठ होतं. आईच्या पोटातून काय काढलंय, हे माहीत नव्हतं.

तिची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जायचं. एका खासगी दवाखान्याने कॅन्सरची भीती घातली आणि हंगामाआधी ऑपरेशन उरकलं. तेव्हापासून तिच्या अंगातून वाफा निघायच्या, सांधे धरायचे. त्यात दुष्काळाचं साल. टँकरच्या रांगेत सगळ्याच बाया भाजत होत्या. आमची मोठीआई, म्हणजे थोरली चुलती, म्हणायची, "उन्हाळाच हाय की. तुलाच कावून वेगळी आग?"

शेवटी मी आईला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी ऑपरेशनचा कागद मागितला. तो पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली होता.

"दोन्ही अंडाशयंही काढलीत. सांगितलं होतं का?"

"पिशवी म्हणले व्हते," आई म्हणाली.

मग त्यांनी रक्तदाब घेतला, छाती तपासली. रक्ताच्या गुठळ्या, लकवा, कावीळ, छातीचा कॅन्सर, सगळं विचारलं आणि हार्मोनची गोळी लिहून दिली. शरीराला पन्नाशीपर्यंत आपोआप मिळालं असतं तेच देतोय, हाडांसाठीही ते लागतं, पण दरवर्षी दाखवायला या, असं बजावलं. जाताजाता म्हणाल्या, "तुम्हाला पिशवी नाही, म्हणून एकच हार्मोन पुरतं."

दोनेक महिन्यांत आईचा चेहरा निवळला. मला राहवलं नाही. मी पत्रक लिहिलं: 'अंगाची आग ही शिक्षा नाही. त्यावर गोळी आहे. लाज सोडा, मागा.' दूध संस्थेच्या भिंतीवर, बाया चरव्या घेऊन उभ्या राहतात तिथं, ते चिकटवलं. डॉक्टरीणबाईंचं शेवटचं वाक्य मी त्यात घेतलं नव्हतं. घोषणेत ते बसत नव्हतं.

पुढं आईची आग थोडी परतली. मला कारण कळेना. ते मोठीआईनेच हसत हसत सांगितलं.

"बघ गं, दोन वर्सांनी पाळी आली. तुझ्या गोळीनं म्हातारी तरणी झाली."

टोळीत गोळ्यांची पिशवी एकच असते. ज्याची कंबर धरली त्यानं त्यातली घ्यायची. कुणाची कोणती, असं कुणी विचारत नाही. पत्रक ऐकून मोठीआईने आपल्याही अंगाची आग कबूल केली, तेव्हा आईनेही तेच केलं होतं. एक दिवस ती, एक दिवस मोठीआई, असे पाच महिने. आणि मोठीआईची गर्भपिशवी जागेवर होती.

मला डॉक्टरीणबाईंचं ते शेवटचं वाक्य आठवलं. मुकादमाला चुलत्याकडून कळलं, तर तो म्हणाला, "काढून टाका आता. गाडी भरायच्या आत मोकळ्या व्हा." मोठीआई तयारही झाली. मी तिला ओढतच त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "पिशवी असेल तर सोबत दुसरं हार्मोन द्यावं लागतं," त्या म्हणाल्या, "नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं. कधी त्याचा कॅन्सरही होतो. तपासल्याशिवाय काही काढायचं नाही." सोनोग्राफी झाली, अस्तराचा तुकडा तपासायला गेला.

रिपोर्टला आठ दिवस होते. चुलता मुकादमाला न निघण्याचं रोज नवं कारण सांगायचा. आई मोठीआईच्या ताटात आपली भाकरी सरकवायची आणि माझ्याकडे बघायची नाही. एकदा चुलीपाशी हळूच म्हणाली, "म्या तिला जीव लावून इख दिलं का गं?"

"पत्रक माझं होतं," मी म्हटलं.

मोठीआईने ते ऐकलं. "दोघी मिळून रडू नका. पाणी बी न्हाई गावात, डोळ्यातलं कावून सांडता?"

अस्तर वाढलं होतं, कॅन्सर नव्हता. तिची गोळी बंद झाली, दुसरं औषध सुरू झालं, काही महिन्यांनी परत तपासायचं ठरलं. पिशवी राहिली. हंगामाला निघताना मोठीआईने तारखेची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली. तोडीवरून ती त्या तारखेला येईल की नाही, हा घोर मला अजून आहे.

भिंतीवरचं पत्रक मी फाडलं आणि नवं लिहिलं. बाप म्हणाला, "एवढं लांब कोण वाचतंय?" मी एक शब्दही कमी केला नाही. औषध वाईट नव्हतं; आईला त्यानेच उभं केलं. ते कुणाचं आहे, हे न विचारता वाटलं गेलं.

म्हणून एवढं करा. आज घरी गेलात की आईची पेटी उघडा, ऑपरेशनचा कागद शोधा, आणि तो घेऊन तिच्यासोबत दवाखान्यात जा. आणि पाळी थांबल्यावर घरातल्या कुणाला पुन्हा रक्त दिसलं, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच आठवड्यात तिला तपासून घ्या.