लांब नाकाचं इंजिन

आमच्या ताई, म्हणजे माझी थोरली नणंद, शिलाई मशीन दुरुस्त करतात. दिवसभर दुकानात लोकांच्या मशीनचं तेलपाणी आणि संध्याकाळी मागच्या खोलीत स्वतःच्या छोट्या आगगाड्या. टेबलभर रूळ, एक स्टेशन, एक बोगदा आणि पत्र्याचं बोटभर फाटक. खोली झाडायची म्हटलं की मला ओणवं होऊन टेबलाखाली शिरावं लागतं. माझ्या कमरेचं कुणाला काय पडलंय म्हणा.

ताईंच्या मनात एकच सल होती. बाबा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर इंजिन ड्रायव्हर होते, आणि ताईंच्या एकाही इंजिनाला त्यांनी कधी गाडी म्हटलं नव्हतं. दारात उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "छान आहे खेळणं. पण दिवा नाही ती गाडी नाही." की चालले पेपर वाचायला. ताई हसण्यावारी न्यायच्या, पण त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही, हे मी बघत होते.

शेवटी त्यांनी बाबांच्या जुन्या इंजिनासारखं इंजिन बनवलं. एका टोकाला ड्रायव्हरची केबिन, दुसऱ्या टोकाला लांब नाक, दोन्हीकडे पांढरा आणि लाल दिवा. आत डीकोडर बसवला. नखाएवढी पट्टी ती, पण रिमोटचा हुकूम ऐकून इंजिनाला चाल, थांब, दिवा लाव असं तीच सांगते. पहिला दिवा त्यांनी घाईत, वीज आवरणारा रेझिस्टर न लावताच जोडला. तो लखकन पेटला आणि कायमचा मिटला.

"गेला बिचारा," मी म्हटलं.

"तू जा, चहा टाक," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला सगळे दिवे पेटले, पण इंजिन निघालं की पुढे लाल आणि मागे पांढरा. ताईंनी डीकोडरची दिशेची सेटिंग बदलली. इंजिन उलटं पळालं आणि त्याच्याबरोबर दिवेही उलटले. ये रे माझ्या मागल्या. ज्या टोकाने जाईल तिथे लालच.

"हे तुमच्या भावासारखं आहे," मी म्हटलं. "एक गोष्ट बदल म्हणावं, तर दोन बदलतो आणि अडचण तिथल्या तिथे."

ताईंना इतकं हसू आलं की हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवावी लागली. मग म्हणाल्या, "म्हणजे नुसते दिवेच फिरवायला हवेत." सेटिंग होती तशी केली, कव्हर उघडलं आणि दिव्यांच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी जोडल्या. आता पुढे पांढरा, मागे लाल. ताई लगेच बाबांना हाक मारायला धावल्या.

बाबा आले. ताईंनी खोलीतला दिवा मालवून बटण दाबलं. इंजिन रूळ उजळत बोगद्यातून बाहेर आलं. ताई मात्र इंजिनाकडे बघतच नव्हत्या, त्यांचं सगळं लक्ष बाबांच्या चेहऱ्याकडे. बाबा वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ही गाडी तू उलटी चालवतेयस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीने एवढी मरमर केली आणि यांचं आपलं हे.

"आम्ही नाक पुढे ठेवून चालवायचो," बाबा सांगत होते. "समोर काही धडकलं तर आधी नाक, मग आम्ही."

"मग मागे जायचं बटण दाबा की," मी म्हटलं.

"पुढे जायला मागचं बटण? नोकरी घालवतेस का माझी?"

ताईंनी इंजिन थांबवलं. पुन्हा तीच सेटिंग बदलली. इंजिन आणि दिवे दोन्ही एकदम फिरले, आणि या वेळी नेमकं तेच हवं होतं. नाक पुढे, नाकावर पांढरा दिवा. त्यांनी रिमोट पुढे केला आणि बाबांनी तो घेतला.

मग ताई माझ्याकडे वळल्या. डोळे भरून आले होते आणि हसू मावत नव्हतं. "ऐकलंस?" हळूच म्हणाल्या. "गाडी म्हणाले."

मी ऐकलं होतं.

"कुजबुजताय काय दोघी?" बाबा रुळांवरची नजर न हलवता म्हणाले. "गाडी येतेय. फाटक पाडा."

मी मुकाट्याने पुढे झाले आणि बोटाने फाटक पाडलं.