लाल जॅकेट, निळं जॅकेट

मंडळी, नाव सांगत नाही. बहारीन केवढंसं आहे.

आज शुक्रवारची सुट्टी, म्हणून ऑफिसातल्या एकाच्या उम्म अल हस्सम भागातल्या घरी जेवायला गेले होते. दोन आठवड्यांच्या रजेत तो कॅनडात स्कीइंग करून आला म्हणे. वहिनी कौतुकाने फोटो दाखवत होत्या. "हे स्नोकॅट, बर्फावरची गाडी. ती डोंगरावर नेते. मग गाइडच्या मागोमाग भुसभुशीत बर्फातून घसरत खाली यायचं."

फोटोत सगळ्यांचे चेहरे गॉगल-मफलरने झाकलेले. "यातले तुम्ही कोणते?" मी त्याला विचारलं. त्याने लाल जॅकेटवर बोट ठेवलं. पुढच्या फोटोत निळ्यावर.

आमच्या सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतात आणि किल्ली माझ्याकडे. रजिस्टरमध्ये सही घेतल्याशिवाय मी पासपोर्ट देत नाही. त्याचा या वर्षात एकदाही बाहेर निघालेला नाही.

निघताना वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही पासपोर्ट वेळेवर दिलात म्हणून जमलं हं यांचं."

तो माझ्याकडे बघत होता. मी "हो" म्हणाले.

घरी आल्यापासून डोकं चालत नाहीये. दोन आठवडे हा होता कुठे, ते मला माहीत नाही. पण आता त्यात मीही आहे. तुम्ही माझ्या जागी असतात, तर काय म्हणाला असतात?