दोनाचे वीस झाले, ती सकाळ

हे मी एकीशिवाय आजवर कुणाला सांगितलेलं नाही — पेढे मात्र गल्लीभर वाटले होते. कशाचे? माझा दोन रुपयांचा शेअर एका सकाळी फोनवर वीस रुपयांना दिसला, त्याचे.

तेव्हा मी बासष्ट वर्षांची पोरगी होते. जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. भाव एकदम दसपट दिसतोय तर आपल्याकडे शेअर किती उरलेत ते बघावं, एवढं सुचायला नको? नाही सुचलं. अंबाबाईची ओटी भरून आले आणि दारोदार सांगत सुटले, बाजार कळायला डोकं लागतं.

धाकटी जाऊ शेवंता राधानगरीला असते, दुधाचा धंदा करते. तिच्या कानावर गेलं. तिनं नुकतीच म्हैस विकली होती, नवी घेण्याआधी चार पैसे वाढवायचे होते. लगेच फोन — "अक्का, माझंबी त्याच शेरात घाला की. उद्या येते."

त्याच संध्याकाळी कंपनीचं पत्र सापडलं. न वाचताच चटणीच्या बरणीखाली अंथरलेलं. दहा शेअरांचा एक केला होता. माझे हजाराचे शंभर झाले होते. भाव दसपट, शेअर दहावा हिस्सा — हातात जास्तीचं काय आलं? काहीच नाही. तोट्यातल्या कंपनीनं पडलेला भाव झाकायला नवं लुगडं नेसलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शेवंता आली. आता तुम्हीच सांगा, एक वाक्य पुरलं नसतं? पण ते बोलायचं तर — गल्लीनं पेढे खाल्ले होते ना. तिचे पैसे माझ्याच खात्यातून, वीसच्या भावानं घातले.

भाव उतरत उतरत सातावर आला. ती विचारायची, मी म्हणायचे, बाजार पडलाय. बाजार नव्हता पडला — मी पडले होते. तिच्या गोठ्यातला एक खुंटा दोन वर्षं रिकामा राहिला. तो मला दर दिवाळीला दिसायचा.

गेल्या महिन्यात गेले आणि सगळं सांगितलं. पत्रही दाखवलं, तेलकट डागासकट. शेवंतानं धार पुरी काढली, चरवी बाजूला ठेवली, पत्र उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली,

"खोटं बोलताना तुमी पदर सारखा करता अक्का, त्ये मला लगीन झाल्यापासनं म्हाईत हाय. म्हशीचं बघू फुडं. आदी ह्ये कसं वाचायचं त्ये शिकवा — फुडच्या खेपंला तुमच्या आदी मी वाचणार."