केळ्याएवढ्या पोटाचा पितर

डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर पोटाचं चित्र काढलं, त्यातून पेनाने वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली आणि म्हणाले, रेघेच्या या बाजूचं सगळं काढून टाकायचं, उरेल ते साधारण केळ्याएवढं. मी विचारलं, कोणतं केळं? डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. ते मूळचे इकडचे नसावेत. जळगावात नुसतं केळ्याएवढं म्हणून भागत नाही. परदेशी पाठवायच्या खोक्यातलं केळं वेगळं, हातगाडीवरचं वेगळं, आणि घडाच्या टोकाकडचं तर बोटाएवढंच असतं. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. डॉक्टर म्हणाले, मध्यम धरा.

मी तेव्हा चौपन्न वर्षांचा होतो आणि वजन एकशे अठ्ठावीस किलो. धंदा मोटारी रिवाइंड करण्याचा. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. मी त्या उघडतो, जळकी तार काढतो, नवी गुंडाळतो. कुठलीही बंद वस्तू दिसली की आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. गुडघे बोलायला लागले होते, शुगर होती, झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकाला यंत्र लावून झोपत होतो. तरी मी ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हतो. पण मग मांडी घालून खाली बसणं गेलं, आणि खाली बसल्याशिवाय आमचं काम होत नाही, तेव्हा मुकाट्याने तयार झालो.

सगळं समजावून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काही शंका? शंका एकच होती. मी म्हणालो, आखाजीला जेवता येईल ना? ते म्हणाले, चार महिने होतील तोवर, थोडं थोडं सगळं खाता येईल. त्यातलं 'सगळं' मी ऐकलं आणि 'थोडं थोडं' सोडून दिलं.

आखाजीचं मी का विचारलं, ते सांगायला हवं. ज्यांच्याकडे मी वाइंडिंग शिकलो ते माझे उस्ताद धुळ्याचे. अठराव्या वर्षी त्यांच्या दुकानात बसलो आणि सहा वर्षं त्यांच्याच घरी जेवलो. उस्ताद माझ्यासारखेच आडव्या अंगाचे, आणि आम्ही दोघं पंगतीला बसलो की वाढणारीचे हात दुखायचे. ते गेल्यावर अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला पितर म्हणून बोलवायला सुरुवात केली. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात, आणि गेलेल्या माणसाच्या नावाने एकाला पाटावर बसवून जेवू घालतात. तो त्या दिवसापुरता गेलेला माणूस. त्याने खाल्लं ते वरच्याला पोहोचलं. अक्कांचा यावर पक्का विश्वास होता, आणि त्याची उलटी बाजूही तितकीच पक्की होती, की पितर अर्धपोटी उठला तर वरचा वर्षभर उपाशी. नऊ वर्षं मी त्यांना कधी तशी काळजी करू दिली नव्हती. एकदा तर चार मांडे खाल्ले होते. खापरावरचा मांडा म्हणजे हातभर रुंद पुरणपोळी, ज्यांना माहीत आहे त्यांना चार म्हणजे काय ते कळेल.

ऑपरेशन दुर्बिणीने झालं, पाच छिद्रं पडली. शुद्धीवर आल्यावर मी पहिली मागणी केली ती काढलेला तुकडा बघायची. सिस्टर म्हणाली, तो तपासायला गेला. मी इतका मागे लागलो की डॉक्टरांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. ट्रेमध्ये एक फिकट गुलाबी पिशवी पडली होती, लांबट, थोडी सुरकुतलेली. मी फोटो मोठा करून करून बघितला. या पिशवीसाठी मी आयुष्यभर काय काय केलं, कुठल्या कुठल्या ढाब्यावर शेवभाजीसाठी वाट वाकडी केली, आणि ती अशी दिसत होती. बायकोने तोंड फिरवलं. मला मात्र त्या पिशवीचा राग आला नाही, उलट थोडं वाईटच वाटलं.

डॉक्टर म्हणाले होते की भूक लावणारं जे द्रव्य असतं ते बरंचसं त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे काही महिने भूक लागणार नाही. माझा विश्वास बसला नव्हता. पण खरोखरच ती गेली. सकाळी उठावं आणि घरातलं एखादं माणूस गावाला गेल्यासारखं वाटावं, तसं झालं. मग मी तिचा तपास सुरू केला. दुकानात अकरा वाजता जी भूक लागायची ती शेजारच्या भज्यांच्या कढईची होती, माझी नव्हतीच. चारची भूक कंटाळ्याची. संध्याकाळी मेहरूणच्या तलावाकडे फिरायला गेल्यावर लागायची ती सोबत असणाऱ्यांची. एकाने मक्याचं कणीस घेतलं की सगळ्यांना लागायची. अशा एकेक बाजूला काढत गेलो तेव्हा माझी स्वतःची म्हणावी अशी भूक फारच थोडी उरली. चौपन्न वर्षं मी दुसऱ्यांच्याच भुका वाहत होतो की काय, असं वाटून मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

लोकांना मात्र मी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. जेवण आवरत नाही म्हणून पोट कापून घेतलं, हे सांगायला जीभ रेटत नव्हती. हर्निया बिचारा कुणाच्याही डोळ्यावर येत नाही. अक्कांना तर मी हर्नियासुद्धा सांगितला नाही.

चैत्र संपत आला तसा त्यांचा फोन आला, दरवर्षीसारखा. सकाळी लवकर ये, उपाशी ये. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, तुम्ही त्यांना खरं सांगा, त्या दुसरा पितर बघतील. तिचं बरोबर होतं. पण नऊ वर्षं ज्या पाटावर बसलो तिथे दुसरं कुणी बसलेलं मला बघवलं नसतं, हेही खरं. आणि अक्का सत्तरी ओलांडलेल्या. यंदा पितर मिळत नाही म्हणून त्यांना गल्लीत फिरवायचं का? मी म्हणालो, बघू, काहीतरी जमवतो.

जमतं का ते आधी घरीच तपासलं. आखाजीच्या आठवडाभर आधी बायकोला एक पुरणपोळी करायला लावली, समोर घड्याळ ठेवलं आणि बसलो. पहिला घास पेस्ट होईपर्यंत चावला. पुरण इतका वेळ तोंडात ठेवलं तर त्यात जायफळ वेगळं, वेलदोडा वेगळा आणि डाळ वेगळी लागते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ते बायकोला उत्साहाने सांगत होतो. दुसरा घास गेला, तिसरा गेला. चौथ्याला छातीच्या मध्यभागी कुणीतरी मूठ आवळली, कपाळाला घाम फुटला, आणि मी अर्धा तास पलंगावर आडवा. म्हणजे तीन घास, वीस मिनिटांत. मर्यादा कळली. बायको म्हणाली, आता तरी फोन करा. मी केला नाही.

आखाजीला पहाटेच्या बसने निघालो. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोहोचेपर्यंत मी एकच विचार करत होतो, की तीन घासांत एक आख्खं ताट कसं संपवायचं. बारीक तुकडे करून पसरायचे, भाताखाली पोळी दाबायची, अक्कांचं, त्यांच्या सुनेचं लक्ष नसताना रुमालात काही घ्यायचं. या वयात हे असले बेत. खिशात दोन रुमाल होते.

दार सुनेने उघडलं. तिने मला क्षणभर ओळखलंच नाही. अक्का आतून आल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "उतरेल दिखस तू. शुगर वाढनी का?" मी म्हणालो, जरा चालतो हल्ली. त्यांची नजर माझ्या गळ्याच्या सैल कातडीवर राहिली.

घागर मांडलेली होती, वर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, ठेवलेलं. गेली दोन वर्षं मला मांडी घालताना त्रास व्हायचा म्हणून अक्का स्टूल ठेवायच्या. यंदा मी पाटावर सरळ खाली बसलो, मांडी घातली, आणि त्या आनंदात घटकाभर पुढचं विसरलो. अक्कांनी पाय धुतले, गंध लावलं. सुनेने विस्तवावर तुपाचा घास टाकला. ताट आलं. मांडा, आमरस, कटाची रशी, भात, भजी, कुरडया. ताटाचा काठ दिसत नव्हता.

मी सुरुवात केली. पहिला घास, दुसरा घास, हळूहळू. अक्का हातात दुसरा मांडा घेऊन समोर उभ्या होत्या, दरवर्षी उभ्या असत तशा. सून आत जाईना. रुमाल खिशातच राहिले. मी भात इकडचा तिकडे केला, कुरडई मोडली, आमरसात बोट बुडवून चाटलं. तिसरा घास झाला. अक्का म्हणाल्या, काय रे, चिवडत काय बसलास, जेव. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती बघून मी चौथा घास घेतला, आणि त्यावर पाचवाही.

छातीत मूठ आवळली. कपाळावरचा घाम नाकावरून ताटात टपकला. अक्का पुढे वाकून मांडा वाढायला लागल्या आणि माझा हात आपोआप ताटावर आडवा आला. दोन-चार मिनिटांनी जरा श्वास लागला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन, काढलेली पिशवी, केळ्याएवढं उरलेलं पोट, तीन घास. म्हणालो, अक्का, मी फसवायला आलो होतो. यंदा उस्ताद माझ्यामुळे उपाशी राहणार, मला माफ करा. बोलताना मला रडू येत होतं.

मला वाटलं त्या चिडतील. निदान सुनेला सांगतील की शेजारून कुणाला तरी बोलाव, अजून बारा वाजले नाहीत. पण अक्का माझ्या आडव्या हाताकडेच बघत होत्या. मग हातातल्या मांड्यासकट हळूच खाली बसल्या.

"भूक लागस का तुले?" त्यांनी विचारलं.

नाही, मी म्हणालो. अजिबात नाही.

"त्यासले बी लागे नही," त्या म्हणाल्या. "शेवटला दोन महिना. त्यासनी बी आसाच हात आडवा करेल व्हता. मी ऐकं नही. मी म्हनू, खाशात तर जगशात. तोंड फिरायी लेत, तरी मी घास कोंबू."

उस्तादांच्या त्या दोन महिन्यांत मी एकदाच धुळ्याला आलो होतो. उन्हाळा होता, मोटारींची रांग लागलेली, आणि मी चहा पिऊन परत गेलो होतो. माझ्या आठवणीत ते नेहमी पंगतीला बसलेलेच होते. घास गिळता न येणारे उस्ताद मी कधी बघितलेच नव्हते. अक्कांनी मात्र दुसरं काही बघितलं नसावं, आणि माझ्या चार-चार मांड्यांनी त्या ते नऊ वर्षं पुसत होत्या.

सून दारात उभी राहून पदराने तोंड झाकत होती. तिलाही हे नवीन असावं. छातीतली मूठ हळूहळू सुटत होती. अक्कांनी मांडा परडीत ठेवला, तुपाचा हात लुगड्याला पुसला आणि माझ्यापुढचं भरलेलं ताट दोन्ही हातांनी उचलून बाजूला केलं. जन्मात मला अरे-तुरेशिवाय न बोललेली ती बाई माझ्या हातावर पाण्याची धार धरत म्हणाली,

"उठा तुम्हीन. आते कोनी बळजबरी कराव नही."