सोनाजीचा मॅक्रोंचा कळप

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात रबरी वायसर बनत आणि कचेरीत सोनाजी मॅक्रो बनवी. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदाच लिहून द्यायची हुकमांची यादी. बटण दाबलं की तो बिचारा ती ओळीनं पाळतो. सोनाजी शेंद्र्याच्या मेंढपाळाचा मुलगा. बी.कॉम. झाला, चष्मा लागला, मुकुंदवाडीत दोन खोल्या घेतल्या, पण कळप काही सुटला नाही. प्रत्येक मॅक्रोला त्यानं मेंढीचं नाव दिलेलं. काळतोंडी रजा मोजायची, लंगडी बसच्या पासांची यादी काढायची, ढवळी कामगारांची पत्रं छापायची. कोणती काय करते याची नोंद? विचारलं की म्हणायचा, "मेंढरं तोंडावरून वळखायची असत्यात. आमच्या बापानं कधी वही ठेवली का?"

त्यात जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रो ज्या त्या तक्त्याच्या पोटात दडून बसे. तक्ता दुसऱ्या खात्यात गेला की मेंढीची एक नक्कल तिकडं. सोनाजीनं इथं चूक सुधारली तरी स्टोअरातली ढवळी जुनीच चूक करत राही.

आणि जानेवारी १९९४ मध्ये सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली! मॅक्रो लिहायला वेगळी खिडकी, हुकमांना वेगवेगळे रंग, चुकलेली ओळ तिथल्या तिथं लाल. सगळे मॅक्रो एका फाईलीत गोळा करा, फ्लॉपीवर घाला, हव्या त्या खात्याला द्या. सोनाजी खुर्चीत मावेना. "अरं, वाडा मिळाला मेंढरांला, वाडा!" असं तो चहावाल्यालासुद्धा सांगत सुटला.

त्याच महिन्यात मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं. आमचे त्रेसष्ट कामगार बाहेरून परीक्षा देणारे. प्रत्येकाच्या फॉर्मला कंपनीचं परवानगीपत्र लागे. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उजाडला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर लेथवरचा बन्सी पत्र घेऊन कचेरीत आला. बन्सीनं नामांतराच्या मोर्चांत पाठीवर लाठ्या झेललेल्या. आता बी.ए.चं शेवटचं वर्ष.

"बाई, ह्याच्यावर जुनंच नाव हाय. मी नाय लावणार हे."

दमयंतीबाई आमच्या कामगार अधिकारी. चुकीच्या स्वल्पविरामानंही त्यांचं डोकं दुखे. "त्रेसष्टच्या त्रेसष्ट नव्यानं काढा," त्या म्हणाल्या. "विद्यापीठ आज उशिरापर्यंत फॉर्म घेतंय. पाच वाजता शिपाई अप्पाराव सायकलवर तिकडं निघणार. तो चुकला तर ह्या सगळ्यांचं वर्ष गेलं."

अडीच वाजले होते. सोनाजीनं ऐटीत नवं नाव घातलं आणि ढवळीला हाक दिली. पत्र निघालं. बन्सीनं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हे इंग्रजीत ठीक उमटलेलं, 'मराठवाडा' मात्र अर्ध्यावर तुटलेलं आणि विद्यापीठ गायब.

"सोनाजी, सोळा वर्षं लढलो ह्या नावासाठी. आन तुजी मेंढी ते खाऊन टाकती व्हय?"

"ढवळी तशी नाय रे!" सोनाजी कळवळला. "दुसरीच कुनीतरी असंल."

"दुसरी म्हणजे कोण?" दमयंतीबाईंनी विचारलं.

सोनाजीनं ढवळी उघडून पाहिली. ढवळी आपल्या कामात आणखी चौघींना हाका मारत होती आणि चार वर्षांपूर्वी लिहिलेल्या त्या चौघींची तोंडं खुद्द मालकाला ओळखू येईनात.

"काय हो, सगळा कळप तोंडपाठ होता ना?" बाई म्हणाल्या. सोनाजी कानापर्यंत लाल झाला.

मग त्यानं नव्या खिडकीतली सोय वापरली: मॅक्रो एकेक ओळ थांबत चालवायचा. एक कळ, एक ओळ. आम्ही सगळे पडद्याला नाकं लावून उभे. काळतोंडी निर्दोष. लंगडीचा तर संबंधच नव्हता. चौघींतल्या बांडी नावाच्या मॅक्रोत शिरताच नाव आख्खं होतं, पुढच्या ओळीला तुटलं!

"थांब! हितंच!" बन्सी ओरडला.

ओळीत आकडा होता तीस, म्हणजे तीस अक्षरांपुढचं छाटायचं. जुनं नाव तिसात आरामात बसे, म्हणून सोनाजीनंच कधीतरी तिथं कुंपण घातलेलं. नव्याला चव्वेचाळीस जागा लागत. त्यानं साठ केले. वर, आयुष्यात पहिल्यांदा, मॅक्रोच्या माथ्यावर बांडी काय करते ते एका ओळीत लिहिलं. दमयंतीबाईंनी तेवढ्यात स्वल्पविराम दुरुस्त केला.

सव्वाचार झाले. एका प्रिंटरवर त्रेसष्ट पत्रं निघणं अशक्य. सोनाजीनं फाईल फ्लॉपीवर घातली आणि स्टोअरात पळाला, तिथून हजेरीखात्यात. पूर्वी प्रत्येक तक्ता उघडून ढवळी शोधावी लागली असती. आज फाईल उतरवली की काम सुरू. तीन खात्यांत तीन प्रिंटर एकदम करकरू लागले. दमयंतीबाई सह्या करत होत्या, बन्सी सलग निघणाऱ्या कागदातून एकेक पत्र फाडून घेत होता आणि प्रत्येक पत्रावरचं नाव मोठ्यानं वाचत होता. साठ वेळा वाचलं तरी त्याचा आवाज खाली येईना.

पाचला पाच कमी असताना अप्पारावनं गठ्ठा पिशवीत घातला. "बासष्टच हायेत की!"

बन्सीनं आपलं पत्र छातीशी धरलं होतं. "माझं मी नेतो," तो म्हणाला आणि तेलकट कपड्यांनीच अप्पारावच्या सायकलवर मागं बसला. "हाण जोरात!"