निर्मनुष्य काठ

समुद्र नसलेल्या परभणी जिल्ह्यात भरती-ओहोटी कुठून आणावी? भूगोलाचे निवृत्त शिक्षक माधवराव यांनी हा प्रश्न येलदरीच्या जलाशयावर सोडवला होता. पावसाळ्यात तिथे भरती, दिवाळीनंतर ओहोटी. वर्षातून एकदाच, पण शिस्तीची. तो ओसरता काठ टिपायला ते पहाटे जिंतूरहून स्कूटरवर येत, ठरलेल्या खडकावर कॅमेऱ्याची तिपाई रोवत. निसर्ग त्यांना निर्मळ हवा होता, आणि निर्मळ म्हणजे निर्मनुष्य, अशी त्यांची व्याख्या होती.

या व्याख्येला रोज बाध येई तो सुलाबाईमुळे. पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या गाळात ती हरभरा आणि काकडी लावी.

"सुलाबाई, जरा बाजूला व्हा."

"किती होऊ, सर? बाभळीपस्तोर आले की. इतकी वंगाळ दिसायले का मी?"

"तसं नाही हो. फोटोत नुसतं पाणी पाहिजे."

"नुसतं पाणी आमच्या माठात बी हाय. तिथं काढा, हलत बी न्हाई."

यंदा पाणी ओसरले आणि सुलाबाईच्या पट्ट्यात गावातल्याच सटवाजीने आपल्या खुंट्या ठोकल्या. मागल्या वर्षी ज्याने पेरले, त्याचाच तो तुकडा, असा गावाचा रिवाज. पण बांध पाण्याने पुसलेले, आणि सटवाजी तर आपणच पेरल्याचे शपथेवर सांगायला तयार. सुलाबाई खडकापाशी आली.

"सर, तुमी रोज फोटो काढलाव. माझा हरभरा दाखवा."

माधवरावांनी मागचा सारा हिवाळा उलगडला. धुके होते, सूर्योदय होता, बगळे होते. ठेंगणा हरभरा चौकटीच्या खालीच राहिला होता, आणि सुलाबाईच्या पदराचे टोकही नव्हते.

"बगळ्यांचा सातबारा पक्का झाला म्हणायचा," ती म्हणाली. "माझं काय?"

आपली कला इतकी निर्दोष असल्याचे दुःख माधवरावांना प्रथमच झाले.

निवाड्याला गाव काठावर जमले. सटवाजी हसून म्हणाला, "सर, दावा की फोटो!"

गप्प राहिले असते तर माधवरावांची अब्रू शाबूत राहिली असती. क्षणभर त्यांनी तसा विचारही केला. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "फोटो नाही. पण या बाई कुठे उभ्या असत, ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. रोज सकाळी मीच त्यांना त्यांच्या पिकातून उठवत होतो."

लोक खो-खो हसले. माधवरावांनी तिपाई रोवली, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि हात लांब केला. "तिथून त्रास सुरू व्हायचा. त्या काळ्या दगडापर्यंत."

"तुमचा तरास लय लांबरुंद हाय, सर," सटवाजी पुटपुटला. पण एवढ्या लोकांसमोर खुंट्या उपटण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

सुलाबाईने दोरीचे एक टोक काळ्या दगडाला बांधले. दुसरे धरायला कोणी पुढे येईना, तेव्हा तिने ते माधवरावांच्या हाती दिले.

"ताणून धरा. अन् चपला काढा, गाळ हाय."

त्यांनी चपला काढल्या.