मार बसलेली काळी पट्टी

मुंबईहून एम.टेक. करून मी चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर म्हणून लागले, ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. येताना एका खोक्यात कार्बन फायबरच्या काळ्या पट्ट्या आणल्या होत्या. केसाहून बारीक तंतूंचे, राळेत भिजलेले पातळ थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचून दाबाखाली भाजले, की अशी पट्टी होते. वजनाला हलकी, ताकदीला पोलादाच्या वर. मार बसल्यावर तिच्यात किती ताकद उरते, हा माझा अभ्यास.

विभागप्रमुखांनी पहिल्या भेटीत माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं. गाव मूल, वडील तिथल्या राइस मिलमध्ये हमाल, असं मी सांगितलं. त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही, फक्त सांगत गेले. त्यांच्या हातात मी कधी पुस्तक पाहिलं नाही. मोठ्या माणसाच्या गाडीचं दार उघडायला मात्र ते शिपायाच्याही आधी पोचत.

एकदा गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्याचे इंजिनिअर कॉलेज बघायला येणार होते. लॅबमधल्या दाब देणाऱ्या मशीनवर पट्टी लावून तिची ताकद त्यांना दाखवायची होती. आदल्या दिवशी सर लॅबमध्ये आले, एक पट्टी दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि तिच्यावर हातोडा हाणला. विमानं याचीच बनतात, याले काही होत नाई, असं त्यांनी पोरांना ऐकवलं. पट्टीवर खरंच खूण नव्हती.

ते गेल्यावर मी चार आण्याच्या नाण्याने ती पट्टी ठोकून पाहिली. कडेला आवाज खणखणीत, मधे भद्द. आतले थर एकमेकांपासून सुटले होते. मी सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं, की दाबाखाली ही लवकर जाईल, उद्या दुसरी लावू. त्यांनी पट्टी खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिली.

"मले तं ओरखडाही दिसत नाई, मॅडम. तुम्ही काऊन घाबरून राह्यल्या?"

हातोडा खाल्लेलीच लावायची, पाहुण्यावर छाप पडते, असा त्यांचा हुकूम झाला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मी पट्टी बाजूने वाकू नये म्हणून आधार बसवला आणि मशीन सुरू केलं. चांगली पट्टी जेवढा दाब सहज झेलायची, त्याच्या निम्म्यावरच आतून तडतड सुरू झाली आणि पट्टी फुटली. असं का झालं, पाहुण्यांनी मला विचारलं. उत्तर सरांनी दिलं: मॅडमनं बनवताना कच्ची ठेवली असन, नवीन हायेत, शिकतीन.

"सर, कालच तुम्ही हिच्यावर हातोडा मारला होता," मी म्हटलं.

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. सर हसले आणि त्यांना नाश्त्याला घेऊन गेले.

दुपारी मी दुसऱ्या पट्टीवर त्याच हातोड्याने तसाच घाव घातला, ती मधोमध कापली, कापलेल्या कडेला लाल शाई चोळून पुसली. थरांच्या मधे लाल रेघा उमटल्या. सर म्हणाले, कापताना फाटलं असन. मग मार न बसलेली पट्टी त्याच करवतीने कापून, तशीच शाई लावून नेली. तिच्यात एकही रेघ नव्हती. दोन्ही तुकडे मी त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी लाल रेघांचा तुकडा उचलला, त्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि फोन फिरवायला लागले.

त्या क्षणापर्यंत मला राग होता. मग तोही गेला. चिडायला समोर कोणीतरी असावं लागतं. इथे खुर्ची होती, शर्ट होता, खिशाला पेन होतं. प्लॅस्टिकच्या खेळापायी मशीन खराब होते म्हणून त्यांनी माझं काम बंद केलं, आणि मला ड्रॉइंगचे तास दिले. आधीच्या वर्षापर्यंत मी या माणसाला 'सर' म्हणण्यासाठी मुंबईत रात्रंदिवस राबत होते, याचं मला हसू आलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते नागपूरला गेले. मी प्राचार्यांची परवानगी काढली आणि थर्ड इयरच्या दोन मुलींना घेऊन उरलेल्या पट्ट्या तपासल्या. वेगवेगळ्या उंचीवरून वजन टाकायचं, नाण्याने ठोकून सुटलेला भाग खडूने आखायचा, मग दाबून फोडायची. बाहेर चंद्रपूरचा मे, आत अंगाला खाजवणारी काळी भुकटी. मुली ओला रुमाल नाकाला बांधून काम करायच्या. वजन जितकं वरून पडे, तितका खडूचा गोल मोठा येई आणि पट्टी तितकी लवकर फुटे. शेवटचा आलेख काढून झाला, तेव्हा त्यातली एक मुलगी तो कितीतरी वेळ बघत बसली.

जूनमध्ये सर परत आले. सुट्टीत लॅबचे पंखे कोणी चालवले, एवढीच त्यांनी चौकशी केली.